राखीव बिया

"हे माझं नाही."

"तुझंच आहे गं. पेल्यावर नाव कुणाचं आहे?"

"पेला माझा आहे, बाई. बी माझं नाही."

"अगं, मग बी काय चालत चालत पेला बदलायला गेलं होय?"

सगळा वर्ग खो खो हसला. ती मात्र हसली नाही. गेल्या आठवड्यात तिसरीला 'बी कसं रुजतं' हा धडा सुरू झाला होता. खिडकीच्या कट्ट्यावर पेल्यांची रांग, प्रत्येकात ओला कापूस आणि कापसात घेवड्याचं एकेक बी. शुक्रवारपर्यंत तिचं बी ढिम्म होतं. आज सोमवारी पाहते तर बोटभर कोंब!

"मी माझ्या बीवर नखाने खूण केली होती. अशी, आडवी. ह्याच्यावर नाहीये."

बाईंनी पेला डोळ्यांजवळ नेला. उगाचच. खूण नाही हे त्यांना पेल्यात न बघताही माहीत होतं.

"बी पाणी पितं ना? फुगतं ना? मग साल ताणली जाते आणि खूण पुसली जाते. कळलं?"

"सगळीच पुसली जाते?"

"सगळीच."

"खोटारडी!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. बाईंनी ऐकलं, आणि त्या फळा पुसायला वळल्या. फळा स्वच्छच होता.

मुलं पाठीमागे त्यांना हळूबाई म्हणत. जिन्यात हळू, दारात हळू, नळाशी हळू. दिवसभर त्यांचा तोच धोशा. त्यांना कुणाचं रडणं बघवत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाचं बी रुजलं नव्हतं. पोरगं आठवडाभर खिडकीकडे पाठ करून बसलं होतं, डबासुद्धा तसाच खायचं. तेव्हापासून या धड्याच्या आधी हळूबाई घरी ओट्यामागच्या खिडकीत चार-सहा बिया जास्तीच्या भिजवत. नवरा चहाचा कप घेऊन डोकावायचा, "काय, राखीव खेळाडू उठले का?"

"उठले. तुम्ही तेवढे उठत जा वेळेवर."

मग सकाळी घंटेच्या आधी रिकाम्या वर्गात जायचं, मेलेलं बी काढायचं, जिवंत ठेवायचं. मुलं खूश, बाई खूश. आजवर कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण आजवर कुणी खूणही केली नव्हती.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाचे सर डब्यातलं तोंडात टाकत म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? चौथीत गेली की विसरेल."

"मी सायन्स सांगितलं हो तिला. खोटं सायन्स. बाई म्हणून."

"आम्ही तर रोज सांगतो, अभ्यास केलात तर मोठे व्हाल."

एरवी त्या हसल्या असत्या. पण त्यांची नजर खिडकीबाहेर मैदानावर होती. पकडापकडी रंगात आली होती. सकाळच्या त्या मुलीला सगळे 'जज्ज' म्हणत. खेळात भांडण झालं की दोन्हीकडचे तिच्याकडेच धावत, "जज्ज, आउट की नॉट आउट?" ती डोळे बारीक करून सांगायची, आणि जे सांगेल ते झालं. स्वतःच्या जिवलग मैत्रिणीलाही तिने कितीदा आउट दिलं होतं.

आज दोन मुलं एकमेकांची कॉलर धरून ओरडत होती. जज्ज तीन पावलांवर उभी होती. तिने तोंड उघडलं.

"तू नको सांगू! तू बाईंशीपण खोटं बोलतेस."

तिने तोंड मिटलं. मग बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधत बसली.

हळूबाईंनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"सर, ती आता परत कधी सांगणार नाही हो."

"काय सांगणार नाही?"

त्यांनी डबा बंद केला, पर्स ओढली आणि टेबलावर उलटी केली. खडूचे तुकडे, बसची तिकिटं, चष्म्याचं फडकं. सकाळी मेलेलं बी घाईघाईने तिथेच टाकलं होतं. खडूच्या भुकटीत ते सापडलं. सुरकुतलेलं, आणि सालीवर आडवी, स्पष्ट खूण.

"आता वर्गासमोर सांगाल?" सर हळू आवाजात म्हणाले. "अहो, उद्या पालक दारात येतील. मुलांचा विश्वास उडेल तो वेगळाच."

"माझ्यावरचा उडू दे की. तिच्यावरचा मी उडवलाय."

शेवटच्या तासाला त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. गळा साफ केला. एकदा. पुन्हा एकदा.

"सकाळी जज्ज खरं बोलत होती. ते बी तिचं नव्हतं. मी बदललं. आणि खूण पुसली जाते म्हणाले ना, ते मी खोटं बोलले. ही बघा खूण."

पुढच्या बाकावरचा बुटका उठला. "बाई, माझं बी माझंच आहे ना?"

"तुझं... नाही रे."

"आणि माझं?" "माझं तर खरं आहे ना, बाई?" "मी त्याचं नावपण ठेवलंय!" निम्मा वर्ग खिडकीशी धावला. हळू म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. एक एक पेला त्यांच्या नाकासमोर येत होता आणि त्या सांगत होत्या. हे तुझंच. हे नाही. हे तुझंच, शप्पथ. ज्यांचं खरं होतं तेही पेल्याकडे संशयाने बघत जागेवर गेले. 'शप्पथ' ऐकून एक मुलगी म्हणाली, "बघू."

जज्ज तेवढी जागची हलली नव्हती.

सुटीची घंटा झाली, तरी कुणी दप्तर उचललं नाही. बाई तिच्या बाकापाशी गेल्या आणि बी ठेवलेला हात पुढे केला.

"चुकलं माझं, बाळा. तू रडशील म्हणून..."

"मी रडले नसते."

"हो गं. मग आता तूच सांग. मी आउट की नॉट आउट?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. दोन्ही कॉलरवालेसुद्धा.

तिने बाईंच्या तळहातावरचं बी उचललं. उजेडात धरलं. डोळे बारीक करून खूण पाहिली आणि बी मुठीत घेतलं. दप्तर पाठीला लावलं.

"जज्ज, सांग ना!" बुटका ओरडला.

कोंबाचा पेला कट्ट्यावर तसाच ठेवून ती दाराबाहेर पडली. हळू, एकेक पाऊल टाकत.