नासणाऱ्या अन्नाची बाजू

औरंगपुऱ्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात सुलेखा धारूरकर दिवसभर लोकांची विवरणपत्रं भरतात. संध्याकाळी घरी आल्या की कुकर लावतात, कानाला हेडफोन लावतात आणि ‘गावठाणा’त जातात. गावठाण हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ. घर बांधायचं, शेत पिकवायचं, पोट भरायचं आणि जगून राहायचं. मुलगी चारुता शिकायला पुण्याला गेली, तेव्हा रोज भेट व्हावी म्हणून तिनंच आईला यात ओढलं. तिचा स्वतःचा रस काही महिन्यांत आटला, आईचा मात्र वाढला. खेळातल्या चौकात त्यांनी खानावळ काढली. शहरातले, लातूरचे, नांदेडचे खेळाडू तिथं माइकवरून गप्पांना थांबू लागले.

मग हळूहळू खानावळ ओस पडली. त्याचं कारण होतं खेळाचा एक नियम: गावठाणात अन्न कधीच नासत नसे. जुन्या खेळाडूंनी एकदा कोठारं भरून घेतली की त्यांना कुणाची गरज उरत नसे. नव्या माणसाचा माल कुणी घेईना. दर डिसेंबरात खेळात कडक थंडी यायची, शेतं पिकायची नाहीत. जुने दारं लावून बसायचे आणि नवे उपाशी मरायचे. मेलेला खेळाडू सहसा परत यायचा नाही.

हे गावठाण चालवतो विश्वजित, सिडकोत राहणारा तरुण इंजिनिअर. सुलेखाताईंनी त्याला सांगितलं, साठवलेलं अन्न नासलं पाहिजे. त्यानं सगळ्या खेळाडूंना बोलावून विषय मांडला आणि नुसता गलका झाला. सगळ्यात मोठं कोठार सर्जेराव यांचं. ते मूळचे वेरूळकडचे, घरची शेती सांभाळून वाळूजला कंपनीत नोकरी करणारे. ते शांतपणे बोलले.

“ताई, मी डबल ड्युटी करतो. आठ-आठ दिवस खेळाला हात लागत नाय. घरी येऊन बघावं तं कोठार सडलेलं. मंग खेळायचं कशाला? कामावर काय कमी कटकट हाय का?”

पुढचे कितीतरी दिवस रिक्षात, ऑफिसात सुलेखाताईंच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. सर्जेरावांचं खरं होतं. थकून आलेल्या माणसाला खेळानं शिक्षा देऊ नये. पण म्हणून बाजार मरू द्यायचा का?

पुढच्या बैठकीला त्या नवा प्रस्ताव घेऊन आल्या. जो खेळत नसेल, त्याचं अन्न नासणार नाही. शिजवलेलं लवकर नासेल, धान्य सावकाश, आणि कुरडया, सांडगे, लोणचं असं वाळवलेलं-मुरवलेलं थंडीभर टिकेल. वाळवणाला हात लागतात, तेव्हा नव्या लोकांना काम मिळेल. मत घेतलं तेव्हा सर्जेराव विरोधातच राहिले, तरी थंडी संपेपर्यंत करून बघू, एवढ्यावर जेमतेम बहुमत झालं.

पहिला फटका सुलेखाताईंनाच बसला. खानावळीतलं हंडाभर वरण गिऱ्हाईकाची वाट पाहता पाहता नासलं. लोक हसले. त्यांनी हंडा ओतून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून, आज कोण कोण जेवणार, हे घरोघरी विचारत फिरू लागल्या. विचारायला आलेल्या बाईला लोक बसवून घेत, बोलत. कुणाकडे भोपळे उरलेले असत, कुणाला मीठ हवं असे. महिन्याभरात चौकात पुन्हा दुकानं लागली.

थंडी तोंडावर आली तेव्हा सर्जेराव रजेवर होते, रोज खेळत होते, आणि त्यांचा गहू काळा पडू लागला होता. एका संध्याकाळी ते खानावळीत आले.

“माझा गहू घ्या,” ते म्हणाले. “एकट्याच्यानं संपायचा नाय, अन् डोळ्यादेखत नासू द्यायला जीव होत नाय. पण ताई, एक करा. नव्या पोरांना आधी द्या.”

त्या गव्हाच्या कुरडया करायला नवे खेळाडू जमले. त्यांचं पाहून दुसरी कोठारं उघडली. गच्च्यांवर वाळवणं पसरली, बरण्या भरल्या. मग बर्फ पडलं, शेतं थिजली, आणि अख्खं गावठाण एका चुलीवर जेवू लागलं.

थंडी संपली त्या दिवशी विश्वजितनं सगळ्यांना चौकात बोलावलं. तो म्हणाला, “या थंडीत एकही माणूस मेला नाही. गावठाण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.”

खेळातल्या सगळ्या घंटा एकदम वाजू लागल्या. इकडे सुलेखाताईंना खुर्चीत बसवेना. हेडफोन काढून त्या घरातल्या घरात एक फेरी मारून आल्या. तेवढ्यात चारुताचा फोन आला. ती पुण्याहून सगळं बघत होती. “आई, मला परत घे ना तुमच्या गावात,” ती म्हणाली.

नियम कायम ठेवायचा का, यावर पुन्हा मत झालं. पहिला होकार सर्जेरावांचा होता. पुढचे नियम सुलेखाताईंना विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत, असं विश्वजितनं तिथंच जाहीर केलं.

जानेवारीत सर्जेरावांनी वेरूळजवळच्या आपल्या शेतात सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. सुलेखाताई रिक्षातून उतरल्या तेव्हा आगटीभोवती अनोळखी माणसांचा मोठा घोळका बसला होता. “नमस्कार,” त्या जरा बिचकतच म्हणाल्या. आवाज ऐकताच सगळा घोळका उठून उभा राहिला.