संत्र्यांची पिशवी आणि काळा धूर

मुलांनो, काळा धूर सोडत जाणारी गाडी दिसली की मला अजून बडनेऱ्याचे ठाणे आठवते. साठ सालानंतरची गोष्ट. मी तिथे फौजदार होते. बाई फौजदार कशी असते ते बघायला लोक उगाच दारातून डोकावून जात.

एका दुपारी दोन उतारू एका टॅक्सी ड्रायव्हरला धरून घेऊन आले. मागे एक आजी. ती अमरावतीहून अकोल्याला, बाळंत झालेल्या लेकीकडे निघाली होती. बडनेरा सोडल्यावर गाडी गचके खाऊ लागली आणि बंद पडली. ड्रायव्हर विहिरीवर पाणी आणायला गेला, उतारू झाडाखाली बसले. तो परतल्यावर गाडी सहज सुरू झाली, पण टपावरची आजीची पेटी नव्हती. पेटीत बाळंतविडा होता.

आजी म्हणाली, "पेटी गेली अन् गाडी लगेच सुरू! हा चोराले सामील हाये, बाई."

ड्रायव्हर म्हणाला, "माय, मी काहून थांबवीन गाडी? पेट्रोलात कचरा आला असन."

हवालदाराने कोठडीचे कुलूप काढलेसुद्धा. गुन्हा नोंदला असता तर ड्रायव्हरचा परवाना गेला असता.

मी ड्रायव्हरला विचारले, "बंद पडण्याआधी काय झालं?"

"मागून काळा धूर, बाईसाहेब. अन् पेट्रोलचा वास."

कचऱ्याने पेट्रोल अडले, तर काळा धूर येत नाही. खोटे बोलणारा माणूस स्वतःचेच म्हणणे खोडणारी गोष्ट सहसा सांगत नाही. मी प्लग काढायला लावला. वडील रविवारी आमच्या जुन्या मोटारीचे प्लग माझ्याकडून पुसून घेत आणि सांगत, पेट्रोल कमी पडले तर प्लग पांढुरका, जास्त झाले तर काळा. हा काजळीने माखला होता. म्हणजे चोक ओढला गेला होता. थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करायची ती खुंटी. पण ती तर आत होती.

"सगळे गाडीत होतात तसे बसा," मी म्हणाले.

आजीला गाडी लागायची, म्हणून ती पुढे बसली. बसताच तिने हातातली संत्र्यांची जड पिशवी समोरच्या खुंटीला अडकवली. खुंटी बाहेर आली. पिशवी काढताच स्प्रिंगने पुन्हा आत गेली. आजी पिशवी घेऊन झाडाखाली गेली तेव्हाही हेच झाले असणार.

"आजी, मघाशीही इथंच होती?"

"मंग कुठं ठेवू? पायात ठेवली तं थोरल्या नातवाची संत्री चेंगरतीन ना!"

ड्रायव्हर म्हणाला, "माय, तुमच्या नातवानं मले कोठडी दाखवली असती!"

एवढे गचके बसले, तर पेटी चोरीला कशाला जायला हवी? गाडी गचके खात गेली त्या रस्त्याने मी हवालदाराला पाठवले. रेल्वे फाटकाजवळ ती पडली होती. फाटकवाल्याने उचलून खोलीत ठेवली होती.

माणसाचा हेतू शोधण्याआधी त्याचे हात सवयीने कुठे जातात ते बघावे, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे नोकरीभर उपयोगी पडले.

आजी निघाली तेव्हा पिशवी मांडीवर होती. अकोल्यापर्यंत तशीच नेईन म्हणाली. मला तेव्हा हसू आले होते.

यंदाची संत्री आली आहेत. काल चांगली निवडून तुमच्यासाठी पिशवी भरली. पण तुम्ही सगळे दूर परगावी; ती घेऊन कुठे जायचे ते सुचेना, म्हणून बराच वेळ मांडीवरच घेऊन बसले.