घाटकोपरचा बॅकअप मुलुंड

गुणाजी परबला ऑफिसात सगळे ‘प्रिंटवाले परब’ म्हणायचे. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबच्या अंधेरीतल्या मुख्य ऑफिसात त्याची चोवीस वर्षं गेली होती. वडील गिरणीतले. ‘मशीन बंद पडलं की माणसाला किंमत येते’ असं ते म्हणायचे, आणि गुणाजीला ते नोकरीत पुरेपूर पटलं होतं.

लॅबची उपनगरांत साठेक सेंटरं होती. रक्ताच्या नळीवर चिकटवायची नावाची पट्टी तिथल्या तिथे छापली जायची. हे सगळे प्रिंटर मोजक्या सर्व्हरांच्या ताब्यात, आणि सर्व्हर गुणाजीच्या. त्याच्या स्क्रीनवर ते वंशावळीसारखे दिसायचे. वर अंधेरीचा मुख्य सर्व्हर, खाली बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, आणि त्यांच्या पोटात एकेका सेंटरचा प्रिंटर. शेजारच्या ‘बॅकअप’च्या रकान्यात, हा सर्व्हर पडला तर त्याचं काम कोण उचलणार, त्याचं नाव.

ही वंशावळ गुणाजीला तोंडपाठ होती. म्हणूनच तो ती उघडून बघत नसे.

दर्शना चिखले त्याच्या हाताखाली आली तेव्हा अडतीस वर्षांची होती. वर्सोव्याची. मुलगी झाली, मग सासू अंथरुणाला खिळली, त्यात आठ वर्षं घरी गेली. आता एका वर्षाच्या करारावर पुन्हा नोकरीत पाऊल टाकलं होतं. ती प्रत्येक गोष्ट उघडून बघायची. एका गुरुवारी दुपारी ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “परब सर, घाटकोपरचा बॅकअप मुलुंड दाखवतोय.”

“मग?”

“मुलुंडचं मशीन आपण काढून टाकलंय ना? दोन वर्षं झाली, तुमच्याच वहीत लिहिलंय.”

गुणाजीला आठवलं. मुलुंडचा जुना सर्व्हर त्यानेच बंद केला होता. तिथले प्रिंटर अंधेरीखाली आणले, मुलुंडचं नाव मात्र यादीत राहून गेलं. घाटकोपरपुढचा तो रकाना बदलायचा होता. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला असेल, किंवा जेवायची वेळ झाली असेल. राहिलं ते राहिलंच.

पण शेजारच्या टेबलावरचा सिद्धेश कान देऊन ऐकत होता. चोवीस वर्षांच्या माणसाची चूक चार महिन्यांपूर्वी आलेल्या बाईने काढावी, तीही सगळ्यांसमोर?

“तुम्ही फक्त बघायचं, हात लावायचा नाही,” गुणाजी म्हणाला. “सोमवारी बघतो मी.”

“मी बघितलंच फक्त, सर. बदलायची परवानगी तर मला नाहीच.”

शनिवारी सकाळी आठला घाटकोपरचा सर्व्हर पडला. शनिवार म्हणजे उपाशीपोटी आलेल्यांची रांग. त्याचं काम मुलुंडकडे गेलं, म्हणजे कुठेच गेलं नाही. सतरा सेंटरांवर पट्टी निघेना. तिथल्या मुलींनी नळ्यांवर पेनाने नावं लिहायला सुरुवात केली. त्या घाईत एका सेंटरवर सारख्याच आडनावाच्या दोन बायकांच्या नळ्यांची अदलाबदल झाली.

त्यातल्या एक व्हायोलेट आजी, सत्तरीच्या पुढच्या. साखर वाढल्याचा दुसरीचा रिपोर्ट त्यांच्या हाती गेला. डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली. चौथ्या दिवशी साखर एकदम उतरली आणि आजी चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडल्या, मनगट मोडलं. लॅबवर तक्रार आली.

साहेब मेल्विन यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वयाने गुणाजीपेक्षा लहान, पण माणूस सरळ. समोर नोंदींचा कागद होता.

“सर्व्हर पडायच्या आधी ह्या स्क्रीनवर शेवटचं कोण गेलं होतं? गुरुवारी दर्शनाचं नाव दिसतंय.”

“मी फक्त बघितलं, सर,” दर्शना म्हणाली. “बॅकअप चुकीचा होता, तेही परब सरांना तेव्हाच सांगितलं.”

मेल्विननी गुणाजीकडे पाहिलं. “सांगितलं होतं?”

नुसतं बघितल्याने स्क्रीनवरचं काही बदलत नाही, हे त्या केबिनमध्ये गुणाजीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक ‘हो’ म्हणायचं होतं. त्याची फार तर बढती अडली असती.

“सांगितलं असेल,” तो म्हणाला. “मला काही आठवत नाही.”

दर्शनाने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग खाली. गुणाजीला वाटलं, ही आता सिद्धेशचं नाव घेईल. तिने घेतलं नाही. सिद्धेशही आपणहून पुढे आला नाही.

आठ महिन्यांनी तिचा करार संपला, तो वाढवला नाही. जाताना तिने मुलुंडची नोंद असलेली वही त्याच्या टेबलावर सरळ करून ठेवली आणि “येते सर” म्हणाली. गुणाजीने फोन कानाला लावून मान हलवली. फोनवर कुणी नव्हतं.

बॅकअपचं नाव त्याने सर्व्हर पडला त्याच शनिवारी बदललं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

ती गेल्यावरही जवळजवळ वर्षभर तो गप्प राहिला. मग एका रविवारी वालाच्या शेंगा निवडता निवडता बायकोजवळ, प्रेमाजवळ, सगळं बोलून गेला. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं.

“तुमका आठवणा नाय?” ती म्हणाली. “आपल्या लग्नात सोलकढी कोणी वाढली, ता तुमी आजून सांगतास. नि ह्या आठवणा नाय?”

“चुकलं माझं.”

“माका कशाक सांगतास? तिका सांगा.”

सोमवारी त्याने आधी मेल्विनना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावून ठेवलं. “परब, हे तेव्हा बोलायचं होतं. त्या जागेवर माणूस आलाय आता. तिला मी काय सांगू?” मग म्हणाले, “लेखी द्या. फाइलला लावतो.”

गुणाजीने पत्राच्या दोन प्रती छापल्या आणि एक घेऊन वर्सोव्याला गेला. दर्शना मच्छीमारांच्या सोसायटीच्या ऑफिसात भेटली. एक खोली, एक कॉम्प्युटर, बाहेर बोंबील वाळत घातलेले. त्याला बघून ती उठली नाही.

“बसा सर. इथे एकच प्रिंटर आहे. बॅकअप मीच.”

तो हसला नाही, तीही नाही. त्याने पत्र पुढे केलं. तिने सावकाश वाचलं.

“शुक्रवार लिहिलंय तुम्ही. गुरुवार होता तो.”

गुणाजीचा चेहरा उतरला. “मला खरंच...”

“आठवत नाही. कळलं.” तिने पत्र घडी करून परत दिलं. “सहा ठिकाणी इंटरव्ह्यू दिले मी. सगळीकडे आधी आठ वर्षांचं विचारायचे, त्याचं उत्तर होतं माझ्याकडे. मग विचारायचे, लॅबने एका वर्षातच का काढलं? खरं सांगितलं की वाटायचं, बाई साहेबावर ढकलतेय. शेवटी मी म्हणायला लागले, घरची अडचण होती. खोटं बोलायला लागले सर मी, तुमच्यामुळे.”

“मी पत्र नीट करून आणतो. पुढे कुठे अर्ज केलात तर...”

“आणा. पण इथे नको, पोस्टाने पाठवा.” बाहेर कुणीतरी बर्फाच्या पावतीसाठी ताटकळलं होतं, ती तिकडे वळली. “त्या आजींचा हात कसा आहे?”

गुणाजीला ते माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

दुरुस्त पत्र त्याने रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली, सही तिच्याच हातची होती. त्यापलीकडे काही आलं नाही. मेल्विनना विचारून त्याने व्हायोलेट आजींचा पत्ता काढला आणि एका सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. सुनेने दार उघडलं. आजी मार्चमध्येच गेल्या, म्हणाली, न्यूमोनियाने. हात बरा झाला होता, पण शेवटपर्यंत त्यांना भाकरी काही थापता आली नाही. तिने विचारलं, “तुम्ही कोण?”

“लॅबमधला,” गुणाजी म्हणाला, आणि मग उंबऱ्यातच उभं राहून त्याने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुरुवारपासून.