कानाचा मंगळवार

नवऱ्याला हे माहीत नाही. आईला सांगेन सांगेन म्हणता ती गेली. आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जी मैत्रीण समजते, तिच्यासमोर शाळेच्या गप्पा त्या बाजूला वळल्या की मी उठून चहा टाकते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असावं.

मी वाडीतल्या एका छोट्या शाळेत केजीला शिकवते. मागे गोदामं, समोर अमरावती रोड. ट्रक गेला की वर्गाच्या खिडकीची काच थरथरते. मुलांची मी लाडकी मिस — हे पालक म्हणतात, आणि मला ते फार आवडायचं. इतकं की, एखादा पालक म्हणाला नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळ्याचं मूळ तिथंच आहे.

दरवर्षी आम्ही एक आठवडा पंचेंद्रियांचा करतो. सोमवारी डोळे, मंगळवारी कान, मग नाक, जीभ आणि शेवटी त्वचा. हिंगाची डबी हुंगून मुलं शिंकतात, कारलं चाखून तोंडं वाकडी करतात. मजाच असते. त्या वर्षी मोठ्या मॅडमनी फर्मान काढलं, की प्रत्येक मुलाचा व्हिडिओ घ्यायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. अ‍ॅडमिशनचे दिवस होते. एकही मूल अडखळताना दिसता कामा नये, असं त्यांनी दोनदा बजावलं.

त्या वर्गात माही होती. बाप ट्रकवर, महिन्यातून एखाददोनदा घरी. आई मागच्याच गोदामात खोकी बांधायची. माही बोलायची फार थोडं, तेही तोंडातल्या तोंडात. पण हुशार! प्रार्थनेत सगळ्यांबरोबर ओठ हलवायची, सगळे उठले की उठायची, सगळे हसले की हसायची. ट्रक जाताना खिडकीच्या काचेवर तळहात ठेवून उभी राहायची. मी हात धरून जागेवर आणून बसवायचे. ती तिथं काय करते, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

तिच्या आईला मात्र वाटत होतं. दिवाळीआधीच ती मला म्हणाली होती, "मॅडम, मी मागून आवाज देतो तर हे पाहतच नाही. मले भेव वाटते." मी हसले. एकुलती एक आहे, लाडावली आहे, हट्टी आहे असं सांगितलं. इतकी वर्षं मुलं हाताळणारी बाई मी — मला कळणार नाही?

मग तो मंगळवार आला.

खेळ सोपा होता. मूल छोट्या टेबलाशी बसणार, पुढे तीन चित्रं: घंटा, ढोल, शिट्टी. पाठीमागे चादर बांधलेली, चादरीमागून आमच्या मदतनीस लताताई आवाज काढणार. मुलानं बरोबर चित्र उचलायचं. मी समोर, मोबाइल घेऊन. एकेक मूल येत होतं, टाळ्या घेऊन जात होतं. माही आली. लताताईंनी घंटा वाजवली. माही माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा वाजवली, जोरात. मुलं "घंटा, घंटा" ओरडायला लागली, तीही तिच्या मागूनच. ती नुसती माझ्याकडे बघत होती. हट्टानं नव्हे हो — काय करायचं ते माझ्या चेहऱ्यावर शोधत.

मला कळलं. त्या क्षणी, लख्ख कळलं. दिवाळीपासूनचं, त्याच्याही आधीचं सगळं. तुम्ही म्हणाल, घाबरले असेन. नाही. मला राग आला — माझा शब्द खोटा पडणार म्हणून. आणि व्हिडिओ चालू होता.

मी मोबाइलच्या बाजूनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं आणि घंटेच्या चित्राकडे दाखवलं.

तिनं झटकन चित्र उचललं. मग ढोल, मग शिट्टी. एकदाही चुकली नाही. नवा खेळ सापडल्यासारखी खुदुखुदु हसत होती. सगळ्या वर्गात तिचा व्हिडिओ सर्वांत छान आला, आणि सुरुवातीचं अडखळणं कापून मी तो ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिची आई फाटकाशी थांबलेली. डोळे भरलेले. "मॅडम, व्हिडिओ पाहून माहा जीव भांड्यात पडला. उद्या मोठ्या दवाखान्यात कान दाखवाले नेणार होतो, सुट्टी पण मागतली होती. आता काहून नेऊ? ऐकते न हे?"

एवढाच प्रश्न होता. उत्तरही एवढंसंच होतं. तिथं बोलले असते तरी चाललं असतं — माझी थोडी लाज गेली असती, बस. मी म्हणाले, "हो, ऐकते की."

ही माझी चूक नव्हे. चूक नकळत होते.

शुक्रवारी पिशवीत हात घालून वस्तू ओळखायच्या होत्या. माहीनं सगळ्या ओळखल्या. मी तिला स्टार दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती दुसऱ्या शाळेत गेली, आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या दोघी मला परवा-परवा भेटल्या, भाजीबाजारात. माही उंच झाली आहे. दोन्ही कानांना मशीन. ते फार उशिरा लागलं. बोलणं यायचं वय निघून गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. तिच्या आईनं हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिनं काय सांगितलं माहीत आहे? "तुमच्याकडे होती तव्हा ऐकत होती न मॅडम. मंग पावसाळ्यात तिले ताप आला, मी ड्युटी सोडली नाही, दवाखान्यात उशीर केला. माह्याच हातानं झालं हे." डॉक्टर म्हणतात, जन्मापासूनचं असेल. तिला ते पटत नाही. तिच्याकडे पुरावा आहे. दर वेळी ती त्यांना तो व्हिडिओ दाखवते.

मलाही दाखवला, तिथंच, मेथीच्या जुड्यांपाशी. घंटा वाजते, माही चित्र उचलते. पडद्याच्या कडेला क्षणभर एका बोटाचं टोक दिसतं. नेलपॉलिश लावलेलं. आईला ते कधी दिसलेलं नाही.

माहीला दिसलं. तिनं मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुदकन हसून डाव्या हाताचं बोट पुढं केलं — अगदी तस्सं. आमचा खेळ तिच्या लक्षात होता.

"पाहा मॅडम," तिची आई म्हणाली, "तुम्हाले वळखलं तिनं."

मी "हो" म्हणाले. मेथीची एक जुडी घेतली आणि घरी आले.