चकलीची चकती

जगभरच्या कलेचा इतिहास शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स मी वर्तकनगरच्या घरी बसून करत होते. शिकवणाऱ्या बाई परदेशातल्या. युरोपातल्या भांड्याला त्या भांडंच म्हणायच्या. आफ्रिकेतलं किंवा आपल्याकडचं काही दिसलं, की लगेच ‘बहुधा धार्मिक विधीसाठी’. माझ्या ते डोक्यात जायचं. मला दाट संशय होता, की ज्यातलं काही कळत नाही ते या बाई देवाच्या नावावर खपवतात.

म्हणून मी सापळा लावला. आईच्या पितळी सोऱ्यातली चकलीची चकती काढली, मधलं चांदणीचं भोक नीट दिसेल असा फोटो घेतला आणि ‘ही वस्तू कशासाठी असेल?’ असं विचारून बाईंना पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : बहुधा धार्मिक विधीसाठी.

मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. “बघ गं, तुझ्या चकलीला बाई पूजा म्हणतायत!”

आईने चकती माझ्या हातातून घेतली आणि पदराला पुसली.

“मग काय चुकलं त्यांचं? पहिल्या घाण्यातली चकली देवापुढे ठेवल्याशिवाय तुला कधी हात लावू दिलाय मी?”