वाचणाऱ्याने बोलायचं नाही

कथालेखकांच्या शिबिरात एक नियम असतो: कथा वाचणाऱ्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सकाळी देशमुखबाईंनी कथा वाचली आणि आम्ही बारा जाणकार तिच्यावर तुटून पडलो.

"बाई, तो अंथरुणाला खिळलेला नवरा काढून टाका," मी म्हणालो. "कथेला त्याची गरज नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई निमूटपणे वहीत लिहून घेत होत्या. शेवटी त्यांना बोलायची मुभा मिळाली.

"कथेला नसेल हो," त्या म्हणाल्या. "मला होती."

मग चहा आला. बाई कप धरून खिडकीपाशी एकट्याच उभ्या राहिल्या. एकटेपणावर आम्ही प्रत्येकाने चार-चार कथा लिहिल्या आहेत. पण त्यांच्याजवळ जाऊन काय बोलावं, हे एकालाही सुचलं नाही. मला तर नाहीच.