भाऊजींनी परत आणलेला गाडा

मरीआईचा गाडा शिवेवरून उलटा गावात ओढून आणणारा माणूस साऱ्या निजामाच्या राज्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा थोरला दीर. गावात पटकीची साथ होती. देवीला गाड्यात बसवून शेजारच्या बेंबळीच्या शिवेत ढकललं की रोग तिकडं जातो, अशी रीत. परतताना मागं वळून बघायचं नसतं, म्हणून भाऊजी गाडा ओढत मागोमाग येतायत हे वेशीत पोहोचेपर्यंत कुणाला कळलंच नाही. वर गावालाच म्हणतात, "बेंबळीची लेकरं का दगडाची हायत?" लोकांनी त्यांना तिथंच बडवलं.

मार खाल्ला की माणूस घरी बसतो. भाऊजी सुजलेल्या तोंडानं विहिरीत पटकीवरची लाल दवा टाकायला गेले. धाराशिवहून पायी आणलेली. भाऊजींचे उपकार म्हणजे भांडणच. आजाऱ्याच्या दारात आधी घाणीवरून शिव्या देणार, मग त्याचंच अंगण झाडणार. खोटं तर जन्मात जमलं नाही, पाहुण्यालासुद्धा "कधी निघणार?" असं तोंडावर विचारायचे.

लाल पाणी बघून बायका ओढ्याकडं वळल्या. ओढ्यात साऱ्या गावाची घाण. शेवटी मीच विहिरीवर उभी राहिले. "अगं, देवी परत आली, तिनंच कुंकू टाकलंय." बायकांनी हात जोडून घागरी भरल्या. गावातल्या ओकाऱ्या कमी व्हायला लागल्या.

हे भाऊजींना कळलं. विहिरीवर येऊन ओरडले, "कुंकू न्हाय, दवा हाय! म्या टाकली!"

"आधी गाडा आणला, आता इख पाजतोय मेला!" म्हणत एका म्हातारीनं घागर तिथंच पालथी केली. तिच्यामागं सगळ्यांनी.

डोक्यावर पदर होता, तरी मी बोललेच. "भाऊजी, पीत होत्या त्या. तुमचं काय जात होतं?"

"खोटं पाजून माणसं जगवायची?"

"मग खरं सांगून मारा."

त्या अडाणी बायकांचा मला अजून राग येतो. या शहाण्याचा त्याहून जास्त.

नवऱ्यापायी माझ्या जावेला सगळ्या टाकून बोलायच्या. त्यांच्यात राहायचं म्हणून तीही ओढ्याचंच पाणी प्याली. तिला पटकी लागली तेव्हा भाऊजी लाल पाण्याची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसले.

"देवीचं कुंकू हाय. घे."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "तुमास्नी जमत न्हाय वो," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्या साथीतून आमच्या घरात भाऊजी वाचले, माझा नवरा वाचला, मी आणि माझी तान्ही लेक वाचलो.